पॉन, फॉलोअर, कंपॅनियन: साथीदारांकडून नीट लढाई कशी करून घ्यायची?

कवडसा

सध्या ड्रॅगन्स डॉग्मा: डार्क अराइझन हा गेम चालू आहे. पॉन म्हणजे गेमच चालवतो ते साथीदार. मी स्ट्रायडर (खंजीर आणि धनुष्यवाला), मेन म्हणजे माझा कायमचा पॉन फायटर (ढाल-तलवारवाला) आणि भाड्याने घेतलेले दोन पॉन, एक मेज (मदतीचे मंत्र टाकणारा) आणि एक सॉर्सरर (हल्ल्याचे मोठे मंत्र टाकणारा). कागदावर टोळी झकास दिसते. प्रत्यक्षात सायक्लॉप्स (एकडोळ्या राक्षस) समोर आला की फायटर ढाल धरून माझ्या शेजारी उभा राहतो. मेज हील म्हणजे बरं करणं सोडून आगीचे गोळे फेकत बसतो. सॉर्सररचा मंत्र पूर्ण होईपर्यंत लढाईच दुसरीकडे सरकलेली असते.

प्रश्न असे:

१. साथीदार काय करायचं हे नेमकं कशावरून ठरवतो?
२. ते आपल्याला बदलता येतं का, आणि कसं?
३. ज्या गेममध्ये साथीदारांना थेट हुकूम देता येतात किंवा नियम लिहून देता येतात ते या बाबतीत खरंच सरस आहेत का?

फक्त याच गेमबद्दल बोला असं नाही. ड्रॅगन एज, फायनल फँटसी, स्कायरिम, एल्डन रिंग, सगळं चालेल.

बेरकी_बोका

फायटरचं इन्क्लिनेशन, म्हणजे पॉनच्या वागण्याचा कल, बघा. पहिलं गार्डियन निघणार, पैज.

कवडसा

@बेरकी_बोका, पैज जिंकलात. पहिलं गार्डियन, दुसरं अ‍ॅक्विझिटर.

ढालकरी

मग कोडं सुटलंच. गार्डियन म्हणजे मालकाच्या जवळ राहा, त्याच्यावर येणाऱ्याला अडवा. नाव ऐकून ढालवाल्याला हे शोभेल असं वाटतं, पण तुम्ही धनुष्य घेऊन लांब उभे राहिलात की तोही लांबच उभा राहतो. स्ट्रायडर खेळणाऱ्याला गार्डियन फायटर म्हणजे तीन जणांची टोळी.

पहिल्या भागात इन्क्लिनेशन नऊ आहेत. स्कॅदर सगळ्यात दांडग्या शत्रूवर थेट जातो. मिटिगेटर कमजोर शत्रू आधी उडवून गर्दी कमी करतो. चॅलेंजर लांबून मारणाऱ्यांना आणि मंत्रवाल्यांना हेरतो. मेडिकंट हील आणि औषधांकडे बघतो. युटिलिटेरियन शत्रूबद्दल जे माहीत आहे ते वापरतो आणि बफ (ताकद वाढवणारे मंत्र) देतो. नेक्सस इतर पॉनना सांभाळतो. पायोनियर पुढे पळतो, अ‍ॅक्विझिटर सामान गोळा करतो, आणि गार्डियन तुम्ही बघितलाच आहे.

वागण्यावर खरा परिणाम पहिल्या दोघांचा असतो. तिसरं नावापुरतं. तुमच्या फायटरची पहिली दोन्ही इन्क्लिनेशन लढाईची नाहीतच: एक तुम्हाला चिकटतं, दुसरं जमिनीवरच्या वस्तू उचलतं. तो लढणार कशाच्या जोरावर?

अ‍ॅक्विझिटरचा अजून एक तोटा आहे जो चटकन लक्षात येत नाही. पॉन जे उचलतो ते त्याच्याच अंगावर राहतं. वजन वाढलं की तो संथ होतो आणि स्टॅमिना (दम) हळू भरतो. स्टॅमिना नसलेला फायटर स्किल वापरत नाही, नुसती ढाल धरतो. तेव्हा इन्क्लिनेशन बदलायच्या आधी त्याचं सामान काढून घ्या. निम्मा फरक तिथेच दिसेल.

निळी_मांजर

हे इन्क्लिनेशन गार्डियन झालं कसं पण? सुरुवातीला तर आपणच निवडतो ना.

ढालकरी

@निळी_मांजर, सुरुवातीला निवडतो, पण ते खेळता खेळता सरकत राहतं. तुमचे हुकूम आणि तुमची लढण्याची तऱ्हा दोन्ही मोजली जातात. हुकूम तीनच: गो, हेल्प, कम. पॉन जरा पुढे गेला की 'कम' दाबायची सवय बहुतेकांना असते, आणि तेच त्याला गार्डियनकडे ओढतं. 'कम' अगदी गरजेलाच वापरा, म्हणजे कड्याच्या टोकावर किंवा ड्रॅगन श्वास सोडायच्या बेतात असताना.

परत आणायचे रस्ते दोन. एक म्हणजे नॉलेज चेअर. खुर्चीत बसून पॉनशी बोलायचं, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. फुकट आहे पण हळू आहे. दुसरा म्हणजे रिफ्ट क्रिस्टल (गेममधलं चलन) देऊन मिळणारी इलिक्सिर, म्हणजे प्यायची औषधं. ती झटपट लागू होतात. क्रम मात्र उलटा लक्षात ठेवा: जे दुसऱ्या क्रमांकावर हवं ते आधी पाजायचं, जे पहिल्या क्रमांकावर हवं ते नंतर. नवीन येणारं वर बसतं आणि जुनं खाली ढकलतं.

फायटरसाठी स्कॅदर पहिलं, मिटिगेटर दुसरं. म्हणजे आधी मिटिगेटर पाजा, मग स्कॅदर.

सातवी_पायरी

ढालकरींना अनुमोदन, पण इन्क्लिनेशन हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे स्किल्स. पॉनला सहा जागा मिळाल्या म्हणून सहाही भरायच्या नसतात. एआय समोर जे पर्याय असतील त्यातून निवडतं. पाच बरे आणि एक टाकाऊ असेल तर टाकाऊचीही पाळी येणारच.

तुमच्या मेजचंच घ्या. त्याच्याकडे हल्ल्याचे मंत्र असतील तर तो हल्ला करणारच. भाड्याचा मेज निवडताना स्किल्सची यादी उघडून बघा. मला हवा तो मेज असा: अ‍ॅनोडाइन, हॅलिडोम (वाईट परिणाम काढणारा मंत्र), शस्त्रावर चढवायचे एक किंवा दोन बून (आग, बर्फ अशी ताकद देणारे मंत्र), आणि बस्स. चार गोष्टी येणारा मेज चारही वेळेवर करतो. इन्क्लिनेशन मेडिकंट आणि युटिलिटेरियन.

अ‍ॅनोडाइनबद्दल एक तक्रार नेहमी येते, 'मेज हील करतो पण माझी हेल्थ भरत नाही'. दोन कारणं. पहिलं म्हणजे अ‍ॅनोडाइन जमिनीवर वर्तुळ टाकतं आणि त्यात उभं राहावं लागतं. मेजने वर्तुळ टाकलं की त्याच्याकडे पळा. दुसरं, या गेममध्ये मार बसल्यावर हेल्थच्या पट्टीचा काही भाग राखाडी होतो, आणि तो मंत्राने भरतच नाही. त्याला औषधी वस्तूच खावी लागते. मंत्र फक्त उरलेला भाग भरतो. यात मेजचा दोष शून्य.

लोखंडी_पंखा

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. ज्या यंत्रणेत साथीदार का वागतो हे समजायला नऊ नावं पाठ करावी लागतात आणि ती नावं परत आपोआप सरकतात, ती यंत्रणा खेळणाऱ्याला अंधारात ठेवते. ड्रॅगन एज: ओरिजिन्स २००९ चा आहे आणि त्यात हा प्रश्न स्वच्छ सोडवला होता. प्रत्येक साथीदाराला टॅक्टिक्सची यादी. डावीकडे अट, उजवीकडे कृती. वरून खाली वाचली जाते. पहिली जुळणारी अट, जिची कृती त्या क्षणी शक्य आहे, ती होते आणि वाचन परत वरून सुरू होतं. कूलडाउन (परत वापरण्याआधी थांबायची वेळ) चालू असेल तर ती ओळ ओलांडली जाते.

हीलर मेजची चालणारी यादी देतो:

१. स्वतः, हेल्थ २५% पेक्षा कमी: हेल्थ पोल्टिस (औषध)
२. साथीदारांपैकी कुणीही, हेल्थ ५०% पेक्षा कमी: हील
३. स्वतः, मॅना (मंत्रशक्ती) २५% पेक्षा कमी: लिरियम पोशन (मॅना भरणारं औषध), सगळ्यात कमी ताकदीचं
४. आपलं कुणी जवळ नसलेला शत्रूंचा घोळका: कोन ऑफ कोल्ड
५. शत्रू, एलिट किंवा वरचा दर्जा: क्रशिंग प्रिझन (एका शत्रूला चिरडणारा मंत्र)
६. सगळ्यात जवळचा शत्रू: साधा हल्ला

हीलची अट ५०% का, २५% का नाही? कारण मंत्र म्हणायला वेळ जातो आणि तेवढ्यात टँकला (पुढे राहून मार झेलणाऱ्याला) अजून दोन तडाखे बसतात. २५% ला सुरू केलेलं हील बऱ्याचदा प्रेतावर पडतं. चौथ्या ओळीत 'आपलं कुणी जवळ नाही' ही अट का? कोन ऑफ कोल्ड आपल्या माणसांनाही गोठवतो.

इथे काहीच लपलेलं नाही. साथीदार चुकला तर कोणत्या ओळीमुळे चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं.

बेरकी_बोका

यादी वाचून समाधान झालं. कायम चालू ठेवायच्या मंत्रांचं काय? ते कुठे बसवायचे?

लोखंडी_पंखा

@बेरकी_बोका, ते सगळ्यात वर, 'स्वतः, कोणतीही स्थिती: मोड चालू कर'. एकदा चालू झाला की ती ओळ आपोआप गैरलागू होते आणि वाचन खाली जातं. खाली ठेवलात तर ऐन लढाईत मधूनच मोड चालू करायला थांबतो. फक्त किती मोड चालू ठेवता ते बघा. प्रत्येक मोड मॅनाचा काही हिस्सा अडवून ठेवतो, आणि तीन मोड लावलेल्या हीलरकडे हीलसाठी मॅना उरत नाही.

जागा कमी पडत असतील तर कॉम्बॅट टॅक्टिक्स हे कौशल्य वाढवा. लेव्हलबरोबर मिळतात त्यापेक्षा जास्त जागा त्यातून मिळतात.

उंबरठा

नियम लिहिण्याच्या बाबतीत फायनल फँटसी १२ चा उल्लेख व्हायलाच हवा. तो पूर्ण अ‍ॅक्शन गेम नाही, मान्य. पण २००६ मध्ये गॅम्बिट नावाने हेच आलं होतं, प्रत्येकी जास्तीत जास्त १२ ओळी. दोन युक्त्या त्यातून शिकण्यासारख्या आहेत आणि त्या दुसऱ्या गेममध्येही लागू पडतात.

पहिली: हल्ल्याच्या ओळीत 'जवळचा शत्रू' लिहू नका, 'नेत्याचं लक्ष्य' लिहा. 'जवळचा शत्रू' लिहिलं की तिघं तीन शत्रूंना थोडं थोडं मारतात आणि तिन्ही शत्रू पूर्ण ताकदीने मारत राहतात. निम्मी हेल्थ गेलेला शत्रूही पूर्ण जोराने मारतो, मेलेला मारत नाही. म्हणून मार एकावर एकवटायचा.

दुसरी: अट अशी लिहा की ती स्वतःच बंद होईल. उदाहरणार्थ 'हेल्थ १००% असलेला शत्रू: स्टील (चोरी)'. कुणाचा एक वार बसला की अट संपली. 'कोणताही शत्रू: स्टील' असं लिहिलं तर साथीदार लढाईभर खिसे चाचपत बसेल.

सातवी_पायरी

@लोखंडी_पंखा, यादी उत्तम आहे, पण तुमच्या एका मुद्द्याशी असहमत. ओरिजिन्समध्ये यादी परिपूर्ण लिहिली तरी मेज मरतोच, आणि त्याचं कारण यादीत सापडत नाही. कारण असतं थ्रेट. शत्रू कुणाच्या मागे लागायचं हे त्यांच्या हिशोबाने ठरवतात: कुणी किती मार दिला, कोण जवळ आहे, कुणाचं चिलखत जड आहे. मेजने लढाईची सुरुवात मोठ्या मंत्राने केली की पूर्ण घोळका त्याच्यावर धावतो. कापडी झगा घातलेला माणूस किती टिकणार?

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. सगळ्यांना 'जागेवर थांबा' करायचं, टँकला एकट्याला पुढे न्यायचं, शत्रू त्याच्याभोवती जमू द्यायचे, टॉन्ट (शत्रूंना डिवचून स्वतःकडे ओढणं) मारायचा, मग थांबा काढायचा. त्या दोन-तीन सेकंदांवर पुढची लढाई ठरते. हे कोणत्याही यादीत लिहिता येत नाही, हाताने करावं लागतं.

एक जुनी युक्ती: टॉन्ट झाल्यावर टँकवर स्वतःच फोर्स फील्ड टाका. त्याला काही करता येत नाही आणि हीलही लागू होत नाही, पण त्याला इजाही होत नाही. शत्रू त्याच्यावरच वार करत बसतात आणि बाकीचे तिघं मोकळे.

लोखंडी_पंखा

थ्रेटचा मुद्दा मान्य. यादी ही 'काय करायचं' सांगते, 'कधी सुरू करायचं' नाही. फोर्स फील्डच्या युक्तीबद्दल एक सावधगिरी: त्याच टँकभोवतीच्या शत्रूंवर दुसऱ्या मेजने क्रशिंग प्रिझन टाकताना निशाणा चुकून टँकवर गेला तर दोन मंत्र मिळून शॉकवेव्ह होते आणि आसपासच्या सगळ्यांना बसते. मुद्दाम करायची तर फोर्स फील्ड शत्रूवर टाका.

कवडसा

शॉकवेव्ह? म्हणजे दोन मंत्र मिळून तिसरंच काही होतं? यावर जरा सविस्तर येऊ द्या.

उंबरठा

हो, आणि साथीदार असण्याचं खरं कारण मला तेच वाटतं.

ओरिजिन्समध्ये या जोड्या गेम कुठे ठळकपणे सांगत नाही. ग्रीसवर आगीचा मंत्र पडला की जमीन पेटते. गोठलेल्या शत्रूवर स्टोनफिस्ट मारलं की त्याचा चुरा होऊ शकतो. ग्लिफ ऑफ पॅरालिसिस आणि ग्लिफ ऑफ रिपल्शन ही जमिनीवरची मंत्रचिन्हं एकमेकांवर आले की स्फोट होऊन सगळे जागच्या जागी थिजतात, आपलेसुद्धा. ब्लिझर्ड आणि टेम्पेस्ट हे वादळाचे मंत्र, वर स्पेल माइट (मंत्रांची ताकद वाढवणारा मोड) चालू असलेला मेज, की स्टॉर्म ऑफ द सेंच्युरी हे महावादळ होतं. ते दाराबाहेरून करायचं आणि दार सोडून मागे यायचं.

ड्रॅगन एज २ (२०११) मध्ये हे वर्गांमध्ये वाटलं. वॉरियर (योद्धा) स्टॅगर लावतो, मेज ब्रिटल, 'रोग' (Rogue, चपळ छुपा लढवय्या) डिसओरिएंट; ही तिन्ही शत्रूच्या कमकुवत स्थितींची नावं. एकाने लावलेल्या स्थितीचा फायदा दुसऱ्या वर्गाने उठवायचा. टॅक्टिक्सच्या यादीत 'शत्रू ब्रिटल आहे' अशीही अट आली, त्यामुळे साथीदार स्वतःहून जोडी पूर्ण करू शकतो. इथे चूक होते ती अशी: वॉरियरचा जोरदार वार कूलडाउनवर गेलेला असतो, कारण तो साध्या शत्रूवर आधीच उधळलेला असतो. तेव्हा जोडीचे वार 'शत्रू ब्रिटल' याच अटीखाली ठेवा. दुसऱ्या कोणत्याही ओळीत ते नकोत.

ड्रॅगन एज: द व्हेलगार्डमध्ये (२०२४) टोळी तिघांची. तुम्ही आणि दोन साथीदार, प्रत्येकाच्या तीन क्षमता तुम्ही व्हीलवरून (पडद्यावरच्या गोल यादीतून) हुकूम देऊन वापरायच्या. स्थितींची नावं संडर्ड, वीकन्ड, ओव्हरव्हेल्म्ड. एकाची क्षमता स्थिती लावते, दुसऱ्याची ती फोडते, आणि स्फोट आसपासच्यांनाही बसतो. साथीदार निवडताना एवढंच बघायचं की एकाने लावलेली स्थिती दुसरा फोडू शकतो की नाही. दोघंही फक्त लावणारे घेतले तर ती जोडी वाया.

लोखंडी_पंखा

व्हेलगार्डमध्ये साथीदारांना हेल्थची पट्टीच नाही. ते पडत नाहीत, त्यांना वाचवावं लागत नाही. माझ्या लेखी ते साथीदार राहिलेच नाहीत. दोन जास्तीची बटणं झाली. जो मरू शकत नाही त्याच्याबद्दल काळजी कशी वाटेल, आणि काळजी नसेल तर डावपेच कशाचे?

उंबरठा

@लोखंडी_पंखा, यावर ठाम असहमती. साथीदाराला वाचवणं हा डावपेचाचा एक प्रकार झाला, एकमेव नव्हे. व्हेलगार्डमध्ये तुम्ही स्वतः सतत चुकवत, अडवत असता. तेवढ्यात कोण किती घायाळ आहे हेही बघायला लावलं असतं तर जोड्यांकडे कुणी लक्षच दिलं नसतं. तिथे प्रश्न 'कोण वाचेल' असा नसून 'आता कोणती क्षमता, कुणावर' असा आहे. तो प्रश्नही कसदार आहे.

तुमचं एवढं मान्य की शत्रूंचा बहुतेक रोख तुमच्यावरच येतो, त्यामुळे साथीदाराला टँक म्हणून वापरता येत नाही. ओरिजिन्सची सवय घेऊन जाणारा तिथे अडखळतो.

निळी_मांजर

पट्टी असूनही न मरणारे साथीदार स्कायरिममध्ये आहेत की. फॉलोअरची हेल्थ संपली की तो गुडघ्यावर बसतो, आणि शत्रू बहुधा त्याला सोडून दुसऱ्याकडे वळतात. पण त्या क्षणी तुमचाच वार त्याला बसला तर तो मरतो, आणि कायमचा. म्हणून फॉलोअर पुढे लढत असेल तर आगीच्या ज्वाळा फवारू नका आणि दुहाती कुऱ्हाडीने सरसकट वार करू नका.

दुसरी कामाची गोष्ट: फॉलोअरला चांगलं धनुष्य द्या आणि चांगल्या जातीचा एकच बाण द्या. तो एक बाण त्याला पुरतो. मात्र त्याच्याकडे स्वतःचं मूळ धनुष्य असतं ते सोडून दुसरं उचलायला ते सरस असावं लागतं.

आणि हो, अरुंद दारात उभं राहण्यात फॉलोअर लिडियाचा हात कुणी धरणार नाही.

बेरकी_बोका

लिडियाला अन्रिलेंटिंग फोर्सने (समोरच्याला उडवणाऱ्या आरोळीने) दारातून बाजूला केलेल्यांनी हात वर करा. (तिने सगळं ओझं वाहून हे नशिबी!)

धनुर्धर९

एल्डन रिंगची स्पिरिट अ‍ॅशेस (बोलावता येणारे आत्मे) या चर्चेत अगदी दुसऱ्या टोकाला बसतात. हुकूम नाही, नियम नाहीत, काहीच नाही. बोलावलं की तो त्याचं करतो. तरीही त्यात डाव आहे, फक्त तो बोलावण्याच्या आधी आहे.

घंटा हातात असली तरी कुठेही बोलावता येत नाही, रीबर्थ मॉन्युमेंट (ठरावीक ठिकाणचा दगड) जवळ हवं. बहुतेक अ‍ॅशेसना एफपी (मंत्रशक्ती) लागतो. मिमिक टिअर एफपी घेत नाही, ६६० हेल्थ घेते. म्हणून बोलावून झाल्याबरोबर फ्लास्क (हेल्थ भरणारी कुपी) प्यायचा, मग बॉसकडे सरकायचं. बॉस पळत येणारा असेल तर आत गेल्या गेल्या बोलावायला दोन सेकंद मिळत नाहीत, तेव्हा आधी एक लोळण घेऊन अंतर वाढवा.

मिमिक तुमची नक्कल करते ती बोलावण्याच्या क्षणी तुमच्या अंगावर जे आहे त्याची. म्हणजे बॉसला जे शस्त्र लागू पडतं ते आधी हातात घ्या, बोलवा, मग तुम्ही हवं ते बदला. झटपट वापराच्या खाचांमध्ये ज्या वस्तू असतील त्या ती वापरते आणि तुमचा साठा कमी होत नाही.

मोठी चूक म्हणजे अ‍ॅश बोलावून आपणही बॉसच्या तोंडासमोरच उभं राहणं. बॉस एका वेळी एकाकडे बघतो. तो अ‍ॅशकडे वळला की पाठीमागे जा आणि मोठे, सावकाश वार तेव्हाच मारा. तो तुमच्याकडे वळला की मारणं थांबवून फक्त चुकवा, म्हणजे अ‍ॅश त्याला मारून परत स्वतःकडे ओढून घेते. अ‍ॅशला फ्लास्क पाजता येत नाही, पण आसपासच्यांना बरं करणारे इन्कॅन्टेशन तिलाही लागू होतात.

दुसरा खेळाडू मदतीला बोलावला तर बॉसची हेल्थ वाढते. अ‍ॅशने वाढत नाही.

सातवी_पायरी

@धनुर्धर९, 'बॉस कुणाकडे बघतो आहे' हे एकच वाक्य या पूर्ण धाग्याच्या वर लावावं इतकं महत्त्वाचं आहे.

फायनल फँटसी ७ रीमेकमध्ये (२०२०) हे उलट्या बाजूने येतं. तुम्ही ज्या पात्राला चालवता, शत्रू बहुतेक त्याच्याच मागे लागतात. आणि तुम्ही न चालवलेल्या पात्राचा एटीबी (क्षमता वापरायला लागणारी पट्टी) हळू भरतो. म्हणून एकाच पात्राला धरून बसणारा तोट्यात जातो. शत्रू क्लाउडच्या मागे लागला की लांबून मारणाऱ्या बॅरेटवर उडी मारा. शत्रू वळून त्याच्याकडे चालत येईपर्यंत बॅरेटचा एटीबी भरतो आणि क्लाउडला पाठ मिळते. परत उडी. पात्र बदलणं हाच तिथे साथीदारांना दिलेला हुकूम आहे.

निळी_मांजर

फ्रेंडली फायरवर, म्हणजे आपलाच मार आपल्यांना बसण्यावर, कुणी बोललं नाही अजून. ओरिजिन्समध्ये नाइटमेअरवर (सगळ्यात अवघड पातळीवर) फायरबॉल आपल्यांनाही पूर्ण भाजतो. ड्रॅगन एज २ मध्ये फ्रेंडली फायर फक्त नाइटमेअरवर आहे. माझं प्रामाणिक मत: साथीदारांची एआय फ्रेंडली फायर लक्षात घेऊन बनवलेली नसेल तर ते बंदच असावं. माणूस आपल्या मंत्राची जागा बघून टाकू शकतो. ओळी वाचणारा साथीदार फक्त अट बघतो, आणि अट जुळल्यानंतर मंत्र बाहेर पडेपर्यंत टँक दोन पावलं पुढे गेलेला असतो.

लोखंडी_पंखा

@निळी_मांजर, म्हणूनच नाइटमेअरवर मोठ्या वर्तुळाचे मंत्र यादीतून काढायचे आणि खेळ थांबवून हाताने टाकायचे. साथीदाराच्या यादीत एकाच लक्ष्यावर जाणारे मंत्र पुरेत.

कवडसा

भरपूर मिळालं, मनापासून आभार. माझ्या टोळीकडे परत येतो. सॉर्सररचं राहिलंच. आणि ड्रॅगन्स डॉग्मा २ घ्यायचा विचार आहे, त्यात हे नऊ इन्क्लिनेशनचं प्रकरण तसंच आहे का? ड्रॅगन्सप्लेग हा पॉनना होणारा रोग ऐकून जरा धास्ती वाटते.

ढालकरी

आधी सॉर्सरर. त्याची अडचण अशी की मोठ्या मंत्राला वेळ लागतो आणि मधे धक्का बसला तर मंत्र तुटतो. म्हणून त्याच्यापुढे शत्रू अडवणारा कुणी हवा, म्हणजे तुमचा सुधारलेला फायटर. शिवाय त्याला एकदोनच मोठे मंत्र द्या, बाकी लहान, झटपट निघणारे. दोन सॉर्सरर ठेवायचे तर दोघांकडे एक तरी मंत्र समान ठेवा. एकाने सुरू केलेला मंत्र दुसरा जोडीने म्हणतो आणि वेळ कमी होतो.

भाड्याच्या पॉनची लेव्हल वाढत नाही हेही लक्षात असू द्या. तुमच्या लेव्हलचे किंवा खालचे फुकट मिळतात, वरच्यांना रिफ्ट क्रिस्टल पडतात. आठदहा लेव्हल वर गेलात तरी जुनेच पॉन घेऊन फिरत असाल तर ते मार खाणारच, इन्क्लिनेशन कितीही चांगलं असो.

घेताना पॉनला त्या भागातल्या शत्रूंची माहिती किती आहे ते तारे बघून ठरवा. ज्याला माहिती आहे तो काइमेराची सापाची शेपटी आधी तोडायला जातो आणि सॉरियनवर (सरड्यासारख्या शत्रूंवर) बर्फ वापरतो. आणि गोलेम भेटणार असेल तर सॉर्सरर सोडून शारीरिक मार देणारा घ्या. गोलेमवर मंत्र चालत नाहीत, त्याच्या अंगावरच्या चकत्या फोडाव्या लागतात. तिथे 'सॉर्सरर काहीच करत नाही' ही तक्रार गैरलागू.

सातवी_पायरी

दुसऱ्या भागाबद्दल (२०२४) मी सांगते. तिथे इन्क्लिनेशन चारच: काइंडहार्टेड (दयाळू), 'काम' (Calm, शांत), सिंपल (साधा), स्ट्रेटफॉरवर्ड (सरळ भिडणारा). मेजला काइंडहार्टेड, पुढे लढणाऱ्याला स्ट्रेटफॉरवर्ड, लांबून मारणाऱ्याला 'काम', एवढं धरून चाला. हुकूम चार: गो, टू मी, वेट, हेल्प. 'वेट' नवा आहे आणि कड्याजवळ किंवा पुलावर फार उपयोगी.

हेल्थचा राखाडी भाग तिथे अजून कडक आहे. तो नेहमीच्या औषधानेही भरत नाही, कॅम्प किंवा सराईत झोपल्यावर भरतो. म्हणजे मेज असला तरी मार खात राहणं परवडत नाही, दिवसभराच्या वाटचालीत पट्टी आकसत जाते. पॉनला कायरर्जन (Chirurgeon, वैद्य) हे स्पेशलायझेशन शिकवलं तर तो तुमच्यावर औषधं वापरतो, ते मेज नसलेल्या टोळीला बरं पडतं.

ड्रॅगन्सप्लेग: पॉनचे डोळे लाल दिसणं, डोकं धरणं, हुकूम न ऐकणं, ही लक्षणं. झालेला पॉन घेऊन गावातल्या सराईत झोपलात तर गावकरी मरतात, धोका तिथे आहे. नंतरच्या पॅचमध्ये लागण कमी केली आणि लक्षणं ठळक केली. भाड्याचा असेल तर लगेच निरोप द्या. मेन पॉनला झाला असेल तर खोल पाण्यात टाका. ब्राइन (पाण्यात पडलेल्याला गिळणारं काहीतरी) त्याला नेतं आणि रिफ्टस्टोनवरून (पॉन बोलावायच्या दगडावरून) परत बोलावल्यावर तो बरा असतो. झोपायच्या आधी तिघांचे डोळे बघायचे, पाच सेकंदांचं काम.

बेरकी_बोका

@कवडसा, मूळ प्रश्नातला सायक्लॉप्स राहिला. त्याच्यावर चढायचं काम फायटरवर टाकू नका. जड चिलखतात चढताना स्टॅमिना लवकर संपतो. स्ट्रायडर तुम्ही स्वतः आहात, तुम्हीच चढा आणि डोळ्यावर वार करा. फायटरने पायाशी राहून त्याला गुंतवायचं. त्याला स्प्रिंगबोर्ड शिकवलेलं असेल तर तो ढाल आडवी धरून बसतो, तुम्ही पळत जाऊन तिच्यावर पाय दिला की वर फेकले जाता. 'गो' म्हणून त्याला पुढे धाडा, तो ढाल धरेपर्यंत अंतर ठेवा आणि सरळ रेषेत पळत जा. तिरके गेलात तर शेजारून निघून जाता.